वीस मिनिटं पुढे

सन्माननीय अध्यक्ष आणि माजी न्यायाधीश महोदय, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती सरकारी वकील साहेब, त्यांच्या सौभाग्यवती, जमलेली वकील मंडळी, कोर्टातला कर्मचारी वर्ग, आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलेली, जिला कुणीच बोलावलं नव्हतं ती मुलगी.

मंगळवार, एकोणीस ऑगस्ट दोन हजार आठ. दुपारी चार वाजून वीस मिनिटं.

दचकू नका. समारंभाच्या सचिवांनी मला पत्रात लिहिलं होतं, 'साहेबांच्या सर्वांत गाजलेल्या खटल्यातल्या प्रमुख साक्षीदार म्हणून आपण त्या साक्षीविषयी दोन शब्द बोलावेत.' त्या साक्षीत जे काय होतं ते एवढंच होतं. एक तारीख आणि एक वेळ. बाकीचं सगळं साहेबांनी त्याभोवती रचलं.

माझा परिचय मघाशी करून दिला गेला. त्यात 'शिक्षिका' म्हटलं, ते चुकलं. मी शिकवलं कधीच नाही. मुलींच्या शाळेच्या ऑफिसात तेहतीस वर्षं कारकून होते, त्यातली अठरा वर्षं मुख्य कारकून. दाखले, मस्टर, फळ्यापासून फिनाइलपर्यंतची मागणीपत्रं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही. माझं स्वतःचं शिक्षण कॉन्व्हेंटात झालं. तिथल्या सिस्टरनी मला दोन गोष्टी शिकवल्या: जेवढं विचारलंय तेवढंच उत्तर द्यायचं, आणि खात्री नसेल तर हात वर करायचा नाही. दोन्ही इतक्या पक्क्या शिकले की त्यांच्या जोरावर एका माणसाला जन्मठेपेवर पाठवलं.

हं. सभागृह एकदम शांत झालं. मघाशी पाठीमागे गप्पा चालू होत्या, बरं का.

साहेब, तुमच्याविषयी चांगलं बोलायला मला बोलावलंय आणि ते मी बोलणार आहे. तुम्ही कष्टाळू आहात. साक्षीच्या आदल्या आठवड्यात तुम्ही स्वतः शाळेत आलात, माझी नोंदवही उघडून पाहिलीत आणि म्हणालात, "बाई, असं अक्षर कोर्टात कधी पाहायला मिळत नाही." मी तीन दिवस हवेत होते. तुम्ही माझ्यासाठी खुर्ची मागवलीत. पाणी मागवलंत. आरोपीसाठी काय मागवलंत ते मला माहीत नाही, पण माझ्याशी तुम्ही अतिशय सभ्यपणे वागलात.

ज्या तरुण वकिलांना तो खटला ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या शाळेपासून बारा मिनिटांच्या चालीवर एक शिवणकाम करणारी बाई राहायची. एकटी. खोलीतच मशीन, खोलीतच गिऱ्हाईक. त्या मंगळवारी दुपारी तिच्या मोठ्या बहिणीचा तिला फोन आला होता. बोलता बोलता ती म्हणाली, "थांब गं ताई, दारात कुणीतरी आलंय. ठेवते." फोन कंपनीच्या कागदानुसार चार वाजून सहा मिनिटांनी फोन ठेवला गेला. साडेचारच्या आत शेजारीण शिवलेले पडदे न्यायला गेली तर दार उघडं, आणि ती मशीनच्या खाली पडलेली. तिचीच कात्री.

आदल्या दिवशी तिच्या खिडकीची काच एका काचवाल्याने बसवली होती. खिडकी नीट लागत नाही म्हणून दोघांची बोलाचाली झालेली शेजारणीने ऐकली होती. काचेवर त्याच्या बोटांचे ठसे सापडले. आता मला सांगा, काच बसवणाऱ्याच्या बोटांचे ठसे काचेवर नाही सापडणार तर काय माझे सापडणार? पण कोर्टात तो कागद वाचला तेव्हा म्हणे सगळे गंभीर झाले होते.

म्हणे म्हणते, कारण मी आत नव्हते. साक्षीदाराला दुसऱ्याची साक्ष ऐकू देत नाहीत. बाहेरच्या बाकावर बसवतात, पुकारा झाला की आत घेतात, आणि काम झालं की 'या आता' म्हणतात. नियम चांगल्यासाठीच आहे, एकाचं ऐकून दुसऱ्याने बोलू नये म्हणून. त्यामुळे फोन चार वाजून सहा मिनिटांनी ठेवला गेला हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. चार सहाचा आकडा पुढे पेपरात वाचला, पण तो तिच्या फोनवरून आलाय हे मला सोळा वर्षांनी कळलं.

तर तोच काचवाला त्याच दिवशी आमच्या शाळेत यायचा होता. वर्गाच्या सात काचा फुटल्या होत्या. मी त्याला चारची वेळ दिली होती. तो आला, खांद्यावर काचांची चौकट, घामाघूम, आणि डाव्या हाताच्या बोटातून रक्त टपकतंय. जिना चढताना काच लागली म्हणाला. मी घड्याळाकडे बोट दाखवलं.

"किती वाजले?"

"बाई, चारच वाजलेत."

"डोळे आहेत ना? चार वीस. दुसऱ्याच्या वेळेला काही किंमत आहे की नाही?"

तो घड्याळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी तर वेळेत निघालो होतो." गरीब बिचारा चेहरा केला. मी म्हटलं, "नाटकं पुरेत, बोट पुढे करा." आणि त्याचं बोट धरून आयोडीन लावलं, पट्टी बांधली, शिवाय जमिनीवर रक्त सांडलं म्हणून बोलले ते वेगळंच. नोंदवहीत लिहिलं: काचवाला, येण्याची वेळ चार वीस, उशीर. 'उशीर' खाली रेघ मारली. ती रेघ साहेबांनी कोर्टाला भिंगातून दाखवली होती.

साहेबांचा शेवटचा युक्तिवाद छापून आला होता, मी कापून ठेवलाय. 'चार वाजून सहा मिनिटांनी दार उघडलं. दोन मिनिटं कृत्याला. बारा मिनिटं चालायला. चार वाजून वीस मिनिटांनी हा इसम धापा टाकत, रक्ताळलेल्या हाताने शाळेत उभा.' काय सुंदर बेरीज! एका मिनिटाचा फरक नाही. मलाही ते वाचून समाधान वाटलं होतं. इतकी चोख बेरीज आली की माणसाला भीती वाटायला हवी, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आता घड्याळाविषयी.

आमच्या ऑफिसातलं घड्याळ वीस मिनिटं पुढे असायचं.

पहिल्या रांगेतल्या कुणीतरी 'अरे देवा' म्हटलं, मी ऐकलं. थँक्यू. सतरा वर्षांत एवढंच मला ऐकायचं होतं.

माझ्या आधीच्या काळात आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, शिक्षिकांच्या उशिराला कंटाळल्या होत्या. त्यांनी मस्टरच्या वरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे करून टाकलं. दर सोमवारी शिपाईकाका स्टुलावर चढून चावी द्यायचे आणि काटा तपासायचे, पुरेसा पुढे आहे ना म्हणून. घंटा मात्र ते स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाने, बरोबर वेळेला द्यायचे. ऑफिसातले आम्ही सगळे मनातल्या मनात वीस वजा करायचो. नवी शिक्षिका आली की पहिल्या महिन्यात तिची धावपळ बघून आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो. बाहेरच्या माणसाला कधी सांगायचं नाही, हा कायदा. पुस्तकवाला, रंगारी, नळवाला, जो येईल तो उशिरा आलेला असायचा. आधीच ओशाळलेला माणूस कमी हुज्जत घालतो. आणि नोंदवही त्या घड्याळाखालीच असल्यामुळे तिच्यात वेळ त्या घड्याळाचीच पडायची. तेहतीस वर्षांत त्या वहीतली एकसुद्धा वेळ खरी नाही, आणि एकसुद्धा खोडलेली नाही.

तुम्ही विचाराल, मग बाई, कोर्टात हे का नाही बोललात?

अध्यक्ष महोदय, आपणच त्या दिवशी न्यायासनावर होता. आपल्याला आठवत असेल. साहेबांनी विचारलं, "घड्याळ पाहिलंत?" मी म्हटलं, पाहिलं. "किती वाजले होते?" चार वीस. "घड्याळ बंद वगैरे पडलेलं नव्हतं ना?" मी म्हटलं, "आमचं घड्याळ आजपर्यंत एकदाही बंद पडलेलं नाही." "खात्री आहे?" तेव्हा मी ते सिस्टरचं वाक्य टाकलं, खात्री नसेल तर हात वर करायचा नाही. लोक हसले. आपणही हसलात, महोदय. निकालपत्रात आपण मला 'अत्यंत विश्वासार्ह' म्हटलंत. आरोपीच्या वकिलाने उलटतपासणीत माझ्या चष्म्याचा नंबर विचारला, दोनदा. नंबर सांगितला. घड्याळ बरोबर होतं का, एवढं सोडून सगळं विचारून झालं. आणि जे विचारलं नाही ते मी सांगितलं नाही.

पण आज इथे निम्मं खरं बोलायला आलेली नाही. पिंजऱ्यातून उतरताना, शेवटच्या पायरीवर, काहीतरी मनात आलं होतं. घरातून निघाल्यावर गॅस बंद केला की नाही असं वाटतं ना, तसं. मी क्षणभर थांबले. मागे वळून म्हणावं का, एक सांगायचं राहिलं? पण इतक्या लोकांसमोर, इतकं छान झाल्यावर, परत वर चढायचं आणि म्हणायचं की आम्ही शहाण्या बायका खोट्या घड्याळाखाली बसतो? मला वेडगळ दिसायची भीती वाटली. फार छोटी भीती होती ती. तिच्या पायी एक माणूस सतरा वर्षं आत आहे.

सचिव साहेब, तुमची चिठ्ठी मिळाली. 'वेळ संपली.' कोणत्या घड्याळाने?

दोन वर्षांपूर्वी शाळेची जुनी इमारत पाडली. ते घड्याळ भंगारात जायचं, कुणीतरी म्हणालं, 'बाईंना द्या, त्यांचं जुनं मैत्र आहे.' मी ते घड्याळजीकडे साफ करायला टाकलं. चार दिवसांनी आणायला गेले तर तो मागचं झाकण उघडून बसलेला. आत चिकटवलेली एक चिठ्ठी त्याने मला दाखवली. मोठ्या बाईंचं अक्षर: 'दर सोमवारी चावी. काटा वीस मिनिटं पुढे ठेवणे. बाहेरच्यांस सांगू नये.' खाली सही, तारीख, शाळेचा शिक्का. शिक्क्याशिवाय आमच्याकडे काहीच होत नसे.

घड्याळजीने विचारलं, "मग बाई, कसं लावू? बरोबर लावू, का चिठ्ठीप्रमाणे?"

मी हसले. म्हटलं, आमच्या मोठ्या बाई म्हणजे ना. आणि हसता हसता मला ऐकू आलं, "बाई, चारच वाजलेत."

त्या दुकानात भर दुपारी मला थंडी वाजली. घड्याळजीने स्टूल दिलं. आजूबाजूला पन्नासेक घड्याळं होती आणि प्रत्येकात वेगळी वेळ. मी प्रत्येक वेळेतून वीस वजा करत बसले होते.

निकालपत्राची प्रत मिळायला पाच महिने लागले. एकतिसाव्या परिच्छेदात तो फोन वाचला. चार वाजून सहा. म्हणजे शिवणवाली तिच्या ताईशी बोलत होती, जिवंत होती, 'दारात कुणीतरी आलंय' म्हणत होती, तेव्हा काचवाल्याचं बोट माझ्या हातात होतं. मी त्याला आयोडीन लावत होते. त्याच्या बाजूने साक्ष देऊ शकेल असं या जगात एकच माणूस होतं, आणि ते साहेबांच्या बाजूने उभं होतं, चांगल्या खुर्चीत.

मग मी तुमच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, साहेब. चिठ्ठीच्या फोटोसकट. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पोचपावतीसकट. पत्राचं उत्तर आलं नाही. फोन आला. अगदी गोड आवाज. "मॅडम, तुमचं वय काय? या वयात कशाला त्रास करून घेता? शपथेवर दिलेली साक्ष खोटी होती असं तुम्हीच म्हणालात तर कारवाई तुमच्यावरच होईल ना?" मी म्हटलं, "बाळा, तुझं नाव काय?" फोन ठेवला गेला.

तेव्हापासून मला भीती वाटते, आणि ती लपवायला मी काही आता तरुण राहिले नाही. दाराची बेल वाजली की आधी साखळी लावते, मग विचारते. तुरुंगाची भीती आहेच, माझ्या गुडघ्यांना तिथली फरशी झेपणार नाही. पण खरी भीती निराळी आहे. त्या दिवशी चार वाजून सहा मिनिटांनी दारात 'कुणीतरी' आलं होतं. कोण? सतरा वर्षांत कुणीही विचारलेलं नाही. विचारायचं कारणच उरलं नाही, मी उत्तर देऊन बसले होते ना! तो माणूस आमच्याच भागात भाजी घेत असेल. रांगेत माझ्या मागे उभा राहिला असेल, 'बाई, आधी तुम्ही घ्या' म्हणाला असेल. मी आता लोकांचे चेहरे बघत नाही, हात बघते. तुम्हा सगळ्यांचे हात मी आल्यापासून बघते आहे. माफ करा, सवय लागली आहे.

आणि त्याहून मोठी भीती माझी मलाच वाटते. खोटं बोलणारा साक्षीदार पकडता येतो. खात्री असलेल्या साक्षीदाराचं काय करणार? साहेब प्रामाणिक होते, न्यायाधीश महोदय प्रामाणिक होते, मी तर प्रामाणिकपणाचा पुतळाच होते. कुणी लाच घेतली नाही, कुणी धमकावलं नाही. सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं आणि एक माणूस जिवंत गाडला. यातून कुणाला कसं वाचवायचं, सांगा ना?

या उन्हाळ्यात मी त्याला भेटायला गेले. जाळीच्या पलीकडे तो बसला. केस सगळे पांढरे. मी काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, सगळं विसरले. तोच बोलला.

"बाई, काचा टिकल्या का हो?"

मी म्हटलं, "इमारत पाडेपर्यंत एकही हलली नाही."

"पुट्टी चांगली होती," म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं.

मग मी घड्याळाचं सांगितलं. मला वाटलं ओरडेल, शिव्या देईल. मी तयार होते. तो हळूच म्हणाला, "म्हणजे मी वेळेत आलो होतो?"

"हो."

"नक्की? नाही, कारण सगळ्यांनी इतक्या वेळा सांगितलं... मलाच वाटायला लागलं होतं, वाटेत कुठेतरी वीस मिनिटं गेली असतील. ती कुठे गेली ते मला कधी आठवायचं नाही. मी फार आठवून बघायचो, बाई. कधी कधी वाटायचं, त्या वीस मिनिटांत मीच तर काही..."

भेटीची वेळ संपली होती. बाई म्हणून, माणूस म्हणून मी आयुष्यात बरंच काही ऐकलंय. याच्यासारखं काही ऐकलेलं नाही. त्याचं स्वातंत्र्य घेतलं ते घेतलंच. त्याची स्वतःची दुपारही आपण त्याच्या डोक्यातून काढून घेतली आणि तिथे आपली बसवली. ती आपली बसवलेली मात्र अजून निघालेली नाही.

शेवटच्या रांगेतली ती मुलगी त्याची. तेव्हा आमच्याच शाळेत दुसरीत होती. पुढच्या जूनमध्ये शाळा सोडली. दाखला मी लिहिला. 'सोडण्याचे कारण' या रकान्यात मी लिहिलं, 'घरगुती अडचण.' बाळ, मान वर कर. इथे खाली बघायला हवं असं तू काहीही केलेलं नाहीस.

आता कामाचं. त्याचा फेरविचाराचा अर्ज पुढच्या महिन्यात वरच्या कोर्टात यायचा आहे. सरकार पक्षाने 'आमचा विरोध नाही' असं लिहून दिलं तर हे घड्याळ कोर्टासमोर जाईल, माझी नव्याने साक्ष होईल. विरोध केला तर अर्ज दारातूनच परत. तो कागद, साहेब, तुमच्या टेबलावर आहे. चार महिने. तुम्ही येत्या तीस सप्टेंबरला निवृत्त होताय. त्यानंतर नवे साहेब येतील, ते पहिल्या पानापासून वाचायला घेतील, आणि आत बसलेल्या माणसाची छाती बरी नाही असं तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलंय.

माझ्या पायाशी या पिशवीत घड्याळ आहे. तुम्हाला मघापासून टिकटिक ऐकू येत असेल, माईकवाल्याने दोनदा वायर तपासली. समारंभ आहे म्हणून भेट द्यायची रीत असते, पण हे देणार नाही. सरकारी कपाटात गेलेली वस्तू परत आलेली मी पाहिलेली नाही. हे माझ्याजवळ राहील. कपाटात राहील, कुलपात राहील, आणि कोर्टाने मागितलं तर मी स्वतः घेऊन येईन. तुम्हाला देते आहे ते हे पाकीट. अर्ज, चिठ्ठीची प्रत, घड्याळजीचा जबाब, नोंदवहीच्या पानाची प्रत, आणि माझं लेखी म्हणणं की माझी साक्ष चुकली होती. खाली माझी सही आहे. कारवाई करायची असेल तर पत्ता तिथेच आहे. पाकिटाच्या प्रतीवर मला पोच हवी. आत्ता, इथे, या लोकांसमोर. पेन नसेल तर माझं घ्या.

नाही, साहेब, बसून राहा, मी येते तिकडे. गुडघे दुखतात, पण एवढं चालता येतं.

...

धन्यवाद. आणि सहीखाली वेळही लिहा. तुमच्या मनगटावरची. बघू... सहा दहा. माईकवाले दादा, तुमच्या मोबाइलमध्ये किती? सहा दहाच ना? बरं. दोघांना विचारलेलं बरं असतं.

तेव्हा सत्कारमूर्तींना मी सर्वांसमक्ष सांगते. सरकार पक्षाचा विरोध आहे की नाही, याचं लेखी उत्तर मला मंगळवार, तीस सप्टेंबर, दुपारी चार वाजेपर्यंत हवं आहे. फोन नको, निरोप नको. कागद, सही, शिक्का. त्या दिवशी मी तुमच्या कार्यालयाच्या बाकावर दुपारी दोनपासून बसेन. बाकावर बसायची मला सवय आहे. चार वाजून एक मिनिटाने मी वरच्या कोर्टात जाईन आणि जाताना ही मुलगी माझ्याबरोबर असेल.

आयोजकांनी मला बोलायची संधी दिली, त्यांची मी ऋणी आहे. पुन्हा देतील असं वाटत नाही. अध्यक्ष महोदयांनी मध्ये थांबवलं नाही, त्यांचेही आभार. माझ्या आजच्या बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, काही जास्त लागलं असेल, तर मोठ्या मनाने विसरून जा. सतरा वर्षांपूर्वी जे बोलले त्याची माफी मात्र तुमच्याकडे मागत नाही. ती द्यायला तुम्ही कोण? ज्याच्याकडे मागायची त्याच्याकडे मागून आले. तो म्हणाला, "बाई, आधी बाहेर येऊ द्या, मग बघू."

दुपारी चार, साहेब. बरोबर चार.